बर्फाचा खडा

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, एका शाळेत नव्यानं शिक्षिका म्हणून लागलेल्या केल्सीला कोडं पडलं होतं. शिक्षकांच्या फ्रीजमधला बर्फ जातो कुठे? पोरांच्या टेंगळांना लावायला म्हणून ती सकाळी ट्रे भरून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर रिकामा! संशय पोरांवरच होता. तिच्या दुसरीतली पोरं छातीठोकपणे सांगायची, "मिस, संडासात बर्फाचा खडा टाकून पाणी सोडलं ना, की उद्या ढीगभर बर्फ पडतो आणि शाळेला सुट्टी!"

आज मात्र कोडी सोडवायचं त्राण तिच्यात नव्हतं. ही नोकरी आपल्याला झेपत नाही, नाताळनंतर येणार नाही, हे मोठ्या बाईंना सांगून टाकायचं ठरवूनच ती शाळा सुटल्यावर त्यांना शोधत निघाली. याच शाळेत केस पांढरे केलेल्या लिंडक्विस्ट बाई तिला सापडल्या त्या शिक्षकांच्या संडासाच्या दारात. ओंजळीत बर्फ घेऊन.

"बाई... तुम्ही?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग त्यांनी एक खडा केल्सीच्या तळहातावर ठेवला.

"घे, आज तू टाक. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून टाकतेय मी, पण माझ्या हाताला मेला गुणच नाही!"