केक सुखरूप

रेनेलच्या डोक्याचा उजवा भाग बारीक वेण्यांनी भरला होता, डावा अजून मोकळा होता, आणि दुपारी तिचं लग्न होतं. सलूनमध्ये सगळ्या एकदम बोलत होत्या. करवल्या आरशासाठी भांडत होत्या. कुणीतरी रेडिओ मोठा केला होता. सलूनची मालकीण ओडेसा दातांत पिना धरून सगळ्यांना दटावत होती.

"मान हलवू नकोस, नवरीबाई. नाहीतर अशीच अर्धी पाठवीन चर्चमध्ये."

"पाठव. टेरॉन अर्ध्या डोक्यावरही भाळेल," रेनेल म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

रेनेलची आत्या व्हर्लीन दाराशेजारच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर तिची जाडजूड पर्स. पर्समध्ये परवान्याचं पिस्तूल असतं हे अख्ख्या पश्चिम बाल्टिमोरला माहीत होतं, आणि ओडेसाला ते खपत नाही हेही. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ.

"आजचा दिवस तरी ते घरी ठेवायचंस," ओडेसा म्हणाली. "लग्नाला चाललीयस की लढाईला?"

"इथून चर्चपर्यंत चालत जाऊन दाखव, मग फरक सांग."

"म्हणूनच म्हणते, कायदा कडक हवा. ऊठसूट जो तो बंदूक घेऊन हिंडतोय."

"कर ना कायदा. चोर येतील हो तुझ्याकडे परवानगी मागायला."

"चोरांचं सोड गं. मला तुझीच भीती वाटते. चष्मा नसला की समोरच्या बसचा नंबर दिसत नाही तुला."

करवल्या हसल्या. व्हर्लीनही हसली.

तेवढ्यात लांब कुठेतरी आवाज झाले. ओडेसाची बोटं थांबली नाहीत.

"फटाके," एक करवली म्हणाली.

"फटाके असे घाईत वाजत नाहीत," रेनेल डोळे मिटूनच म्हणाली. "पण लांब आहेत. पुलाच्या पलीकडे."

"अलीकडे," व्हर्लीन म्हणाली.

"पलीकडेच गं आत्या. वारा तिकडून येतोय."

आणि मग आवाज कोपऱ्यावरच झाले. गाडीचे ब्रेक किंचाळले, पाठोपाठ गोळ्या, आणि कुठेतरी काच खळ्ळकन फुटली. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. सगळ्या जमिनीवर होत्या. ओडेसाने रेनेलला खुर्चीतून खाली ओढलं आणि तिच्यावर आडवी पडली. रेडिओ गातच होता.

"बाबा," रेनेल ओडेसाच्या खांद्याखालून म्हणाली. "बाबा केक आणायला गेलेत."

"येतील. डोकं खाली."

व्हर्लीन गुडघ्यांवर होती. पर्स उघडी पडली होती, पिस्तूल तिच्या दोन्ही हातांत होतं, आणि ते दाराकडे रोखलेलं होतं. दाराच्या काचेवर केशरचनांची चित्रं चिकटवलेली, त्यामुळे बाहेरचं फक्त सावलीसारखं दिसायचं.

बाहेर कुणीतरी धावत आलं. काचेपलीकडे एक रुंद सावली उभी राहिली. छातीशी काहीतरी धरलेलं.

"कोण आहे?" व्हर्लीन ओरडली.

दारावर लाथ बसली. दार धाडकन उघडलं आणि व्हर्लीनने चाप ओढला.

चाप हललाच नाही. घाईत सुरक्षेची कळ सरकवायची राहून गेली होती.

"केक सुखरूप." दारात क्लिफ्टन उभा होता. रेनेलचा बाप, व्हर्लीनचा धाकटा भाऊ. घामाने थबथबलेला, दोन्ही हातांनी छातीशी भलामोठा खोका धरलेला, आणि हसत होता. उन्हातून आत आल्यामुळे त्याला धड काही दिसत नव्हतं. "गाडी पसार झाली. कुणाला लागलं नाही. उठा आता, दुपारी पोरीचं लग्न आहे."

सगळ्या एकदम उठल्या. रडत, हसत, एकमेकींचे कपडे झटकत. रेनेल अर्ध्या वेण्यांनिशी बापाच्या गळ्यात पडली आणि खोका दोघांच्या मध्ये दबला. एक करवली रेडिओबरोबर मोठ्याने गाऊ लागली, मग दुसरीही. कुणाला गप्प बसवत नव्हतं.

व्हर्लीन गुडघ्यांवरच होती. पिस्तूल परत ठेवलेलं, तरी तिचे हात पर्समध्येच होते.

फक्त ओडेसाने पाहिलं होतं. खाली पडल्या पडल्या तिने दारही पाहिलं होतं आणि चापावरचं बोटही.

क्लिफ्टनने खोका टेबलावर ठेवला आणि बहिणीला हात देऊन उठवलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "कोपऱ्यावर गोळ्या सुरू झाल्या तसा मी एका उभ्या गाडीच्या आड बसलो. पण जीव सगळा इथे. मग म्हटलं, आत व्हर्लीन आहे, तिच्याजवळ पिस्तूल आहे. माझ्या पोरीला काही होत नाही. आणि सुटलो इकडे धावत." त्याने तिचे हात चोळले. "अगं, किती गार पडलीस."

व्हर्लीनने ओडेसाकडे पाहिलं. वर्षानुवर्षांच्या भांडणातलं शेवटचं वाक्य आता ओडेसाच्या तोंडाशी होतं.

ओडेसाने दातांतल्या पिना काढून टेबलावर ठेवल्या.

"रेनेल, तू जरा बापाला पाणी दे, मग बस. तुझी डावी बाजू आत्ता करते," ती म्हणाली. मग व्हर्लीनचा दंड धरून तिला मागच्या बेसिनपाशी नेलं. "तू बस इथे. अशा केसांनी मी तुला लग्नाला जाऊ देणार नाही. पाणी कसं हवं, कोमट?"

व्हर्लीनने मान डोलावली आणि डोकं मागे टाकलं. ओडेसाने आपला तळहात तिच्या मानेखाली घातला, आणि नळ सोडला.