शेवटचं बाक

चर्चच्या दारातच म्हाताऱ्या मार्थाने काठीने शेवटचं बाक दाखवलं. "नाचघरात गाणाऱ्यांची जागा मागे, लुएला!" चाळीस वर्षं दर रविवारी हेच. लुएलाच्या रेकॉर्डी मिसिसिपीकाठी घरोघर वाजत, पण देवापुढे गायची तिची भूक तशीच राहिली होती.

आज गात गात प्रवचन करताना पाद्रीबाबांचा आवाज अचानक बसला. ओळ अर्धीच लटकली. लुएलाला राहवेना, देवाचं नाव असं अर्ध्यावर कसं सोडायचं? बसल्या जागीच तिने ती ओळ उचलली आणि उंच नेली. सारं चर्च टाळ्या वाजवू लागलं, थेट तिच्या रेकॉर्डींवरच्या ठेक्यात!

चर्चमध्ये नाचघराचा ठेका! लुएला घाबरून थबकली.

तशी मार्थाच ओरडली, "थांबलीस काय गं? रेकॉर्डवर तर याहून वर जातेस! ये पुढे!"