बाल्कनीतून दिसणारा समुद्र

"पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसतो. उठायचीसुद्धा गरज नाही," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. ग्रीसमधलं कुठलंसं बेट, पांढरीशुभ्र बाल्कनी, खाली निळं पाणी.

शिट्टीबाईंनी फोटो पाहिला आणि मोबाइल परत दिला.

पोहण्याच्या तलावाकाठच्या बाकावर चौघं बसली होती. शिट्टीबाई, त्यांचे दादा, वहिनी, आणि नुकतीच पोहून वर आलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली भाची. याच तलावावर शिट्टीबाईंनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं. गळ्यातल्या शिट्टीवरून मुलांनी पाडलेलं नाव पुढे मोठ्यांच्याही तोंडी बसलं. मागच्या वर्षी अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. नकली पायावर आता त्या बऱ्यापैकी चालत. पाण्यात उतरायला डॉक्टरांनी केव्हाच परवानगी दिली होती. पण त्या यायच्या आणि पायघोळ विजार घालून बाकावरच बसायच्या.

बहिणीला कुठेतरी लांब फिरवून आणायचं, ही कल्पना दादांची. ग्रीस म्हटल्यावर ओळखीपाळखीत सल्ल्यांचा पाऊस पडला. जितकी तोंडं तितकी बेटं.

"सँटोरिनी," दादा म्हणाले. "मावळता सूर्य बघायला जग लोटतं तिथे."

"नुसत्या पायऱ्या आहेत तिथे, बाबा," भाची म्हणाली. "त्यापेक्षा नॅक्सॉस. लांबच लांब वाळू, पाणी उथळ. आणि ग्रीसमधल्या कितीतरी किनाऱ्यांवर आता रुळांवरची खुर्ची असते, आत्या. आपण बसायचं, खुर्ची थेट पाण्यात नेऊन सोडते."

"ही सकाळपासूनची पहिली कामाची गोष्ट," शिट्टीबाई म्हणाल्या.

"पण चारचौघांत?" वहिनींचा आवाज खाली आला. "माझं ऐक. मी म्हणते त्या हॉटेलात खोलीला लागून आपला स्वतःचा तलाव असतो. चारी बाजूंनी भिंत. चिटपाखरू फिरकत नाही."

वहिनींच्या मनात वाईट काही नव्हतं. दवाखान्यात उशाशी त्याच बसल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांच्या नजरा चादरीवर कुठे जाऊन थांबतात, ते त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी तिथूनच हॉटेलला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पलीकडची बाई इंग्रजीत फार गोड बोलत होती. तलावाच्या खोल्या सगळ्या भरलेल्या होत्या. सगळ्यांसाठीचा मोठा तलाव होता, पण. "मॅडमच्या पायाचं म्हणालात ना, तर त्यांनी पहाटे, कुणी उठायच्या आत पोहून घेतलं तर बरं पडेल. बाकीच्या पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं हो. त्यांचीही सुट्टीच असते."

"हो, म्हणजे, तसंही चालेल," वहिनी चाचरल्या.

शिट्टीबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"मॅडमच बोलतेय. पाय माझा गेलाय आणि अवघडतायत तुमचे पाहुणे. सांभाळा त्यांना. मी दुसरीकडे पोहीन."

फोन बंद करून त्यांनी वहिनींच्या हातात दिला.

"तिचं चुकलंच," वहिनी म्हणाल्या. "पण अगं, लोक बघणारच. लोकांचे डोळे का बांधून ठेवता येतात?"

"बघू देत की. जन्मभर मी या काठावर उभी राहून लोकांचे पाय बघितले. गुडघा वाकवू नका, टाच वर आणा, म्हणून घसा फोडला. आता त्यांनी माझा बघावा."

थोडा वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग भाचीला म्हणाल्या, "तुझा दुसरा कॉस्च्यूम आहे पिशवीत?"

"आहे. पण तुला घट्ट होईल."

"होऊ दे."

कपडे बदलायच्या खोलीतून त्या बाहेर आल्या तेव्हा तलावावरचा गलका आधी एका कोपऱ्यात थांबला, मग दुसऱ्या. मध्यावर पोहणारा एक गृहस्थ पाण्यात तसाच उभा राहिला. शिट्टीबाईंची कानशिलं तापली. पाठीमागचं दार अजून उघडंच होतं. त्या वळल्या नाहीत. ओल्या फरशीवरून जपून चालत काठापर्यंत आल्या, खाली बसल्या, पट्टे सोडले, पाय काढला आणि वहिनींकडे दिला.

"धर. भिजायला नको."

आणि त्यांनी स्वतःला पाण्यात सोडून दिलं.

उजव्या पायाने लाथ मारली, डाव्याची जागा रिकामी गेली. अंग कलंडलं, नाकातोंडात पाणी शिरलं. ठसकत त्या वर आल्या. भाची काठाकडे धावली, तसा त्यांनी पाण्यातूनच तळहात दाखवला. येऊ नकोस. दोरीला धरून दम घेतला आणि पुन्हा निघाल्या. या खेपेला वाकड्याच गेल्या, पण गेल्या. हातांना जुनी लय सापडली, खांदे पाणी कापू लागले.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. मांडीवर तो पाय, पायात बूट, बुटाची नाडी नीट बांधलेली. शेजारच्या बाकावरच्या दोघी बायका टक लावून बघत आपसांत कुजबुजत होत्या. वहिनींनी चटकन भाचीचा टॉवेल ओढून पायावर घातला.

थोड्या वेळाने त्यांनी टॉवेल काढून बाजूला ठेवला.

"इकडे काय बघताय?" त्या बायकांना म्हणाल्या. "तिकडे बघा. ती माझी नणंद."