मागच्याला वाट

“काका, शेवटचं विचारते. घाटाबद्दल काही सांगायचं राहिलंय का?” इंजिनिअरबाईंनी विचारलं.

“नाही,” उस्ताद म्हणाला, आणि त्याला मनातून फार बरं वाटलं.

समोरच्या मोठ्या पडद्यावर ट्रक घाट चढत होता. केबिन रिकामी होती, स्टेअरिंग आपलं आपण फिरत होतं. बिनमाणसाची ही पहिलीच फेरी. बाहेर कुणाला कळू दिली नव्हती. मागच्या कोचावर मालक पाहुण्यांना घेऊन बसला होता आणि चाकाचा शोध आपणच लावला अशा थाटात बोलत होता. याच मालकानं सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात रांगेत उभं करून कामावरून काढलं होतं. ड्रायव्हर म्हणजे गाडीतलं फुकटचं ओझं, असं म्हणून तो स्वतःच हसला होता. उस्तादाचा धाकटा भाऊ त्या रांगेत होता. किल्ली परत देताना त्याला मालकाकडे बघवलंही नव्हतं.

उस्तादाला तेवढं ठेवून घेतलं, कारण गाडीला रस्ता शिकवायला कुणी जाणता हवा होता. भावाच्या पोटावर पाय देणाऱ्याची नोकरी त्यानं मुकाट्यानं घेतली. जुन्या सोबत्यांनी बोलणं टाकलं, तेही त्यानं गिळलं. धाकटा तेवढा म्हणायचा, दादाच्या मनात काहीतरी असणार. मनात होतंच. त्याला मालकाची जिरवायची होती, आणि ती आत राहूनच जिरवता येणार होती.

म्हणून त्यानं महिनोन्महिने ती गाडी स्वतः या घाटातून चालवत, बाईंना समजावत, सगळं मन लावून शिकवलं. कुठला उतार फसवा आहे, कुठं धुकं बसतं, कुठं रस्ता खचतो. एक गोष्ट मात्र पोटात ठेवली. या घाटात पुढचा ट्रक वळण्याचा उजवा दिवा लावतो तो मागच्यासाठी. रस्ता मोकळा आहे, जा पुढे, असा त्याचा अर्थ. स्वतःला उजवीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

या गाडीला हातच नव्हता. खाणीच्या फाट्याला उजवीकडे वळताना ती उजवा दिवा लावणार, मागचा बिचारा आपल्याला वाट दिली समजून बाजूनं घुसणार आणि ही नेमकी त्याच्या अंगावर वळणार. तेही पाहुण्यांच्या देखत. मग मालकाचं नाक असं कापलं जाईल की बिनमाणसाच्या गाडीचं तो पुन्हा नाव काढणार नाही. त्या मागच्याचं काय, हा विचार उस्तादाला शिवलाच नव्हता असं नाही. पण रागात माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो. पत्रा चेपेल, आरसा फुटेल, त्यापलीकडे काही होणार नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

फाटा जवळ आला. मागच्या कॅमेऱ्यात धुळीतून एक ट्रक वर आला. उस्ताद खुर्चीत पुढे सरकला. ट्रकचं तोंड पिवळं होतं आणि एक दिवा तारेनं बांधलेला होता. ती तार त्यानंच पिळली होती. नोकरी गेल्यावर धाकट्यानं भाड्यानं घेतलेला तो खटारा. तेव्हापासून धाकटा या घाटात कधी येत नसे.

इतके महिने जपलेला डाव डोळ्यांसमोर पुरा होत होता आणि उस्तादाला तो नको झाला.

“बाई, गाडी थांबवा,” तो म्हणाला. “मागे माझा भाऊ आहे. दिवा लागला की तो पुढे घुसणार. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही.”

मालक उठून उभा राहिला. बाईंचा हात बटणापर्यंत पोचण्याआधीच पडद्यावर उजवा दिवा लागला आणि धाकट्यानं ट्रक बाहेर काढला. उस्तादानं डोळे घट्ट मिटले.

आवाज झाला नाही. त्यानं डोळे उघडले. गाडी वळलीच नव्हती. डाव्या कडेला सरकून, वेग कमी करून ती रेंगाळत होती, आणि धाकटा तिच्या बाजूनं आरामात पुढे निघून गेला. तो गेल्यावर दिवा विझला. मागे कुणी नाही हे बघून गाडी मध्यावर आली आणि मग सावकाश फाट्याला वळली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हे तिला कुणी शिकवलं, असं उस्तादानं हळूच विचारलं.

“तुम्हीच,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगायचात ते आम्ही ऐकत होतो, काका. ती तुमचे हात बघत होती. मागच्याला आधी वाट दिल्याशिवाय तुम्ही या फाट्याला एकदाही वळला नाहीत.”

उस्तादानं तोंडाला कुलूप घातलं होतं. हात आपल्या सवयीनं चालत राहिले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच हातांनी भावाला वाचवलं म्हणून त्याला रडू येत होतं आणि त्याच हातांचा संतापही येत होता.

मालक जवळ आला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्यानं पाठीवर थाप मारली. आता विचारण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही, तेव्हा उद्यापासून येऊ नका, असं त्यानं अगदी गोड आवाजात सांगितलं.

यार्डाच्या फाटकापाशी उस्तादाचा फोन वाजला. धाकटा घाटमाथ्यावर चहाला थांबला होता. एका आजारी मित्राची फेरी आज त्यानं घेतली होती म्हणे. आवाज आनंदानं नुसता फुलला होता.

“दादा, आत्ता पुढच्या गाडीवर तूच होतास ना?” तो म्हणाला. “वाट दिलीस तेव्हाच ओळखलं मी.”