लेकरू नाव मागायलंय

"खंडूजी," म्हणत नर्मदाबाईंनी अंगाऱ्याचं बोट बाळाच्या कपाळाला टेकवलं. बाळ रडतच राहिलं.

"गणपतराव." रडणं चालूच.

"आपाराव."

राजेश्रीच्या मांडीवर ते मुठी आवळून लालबुंद झालं होतं. कालपासून नीट पीत नव्हतं. जिंतूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं, काही नाही म्हणाले, थेंब लिहून दिले. थेंबांनीही फरक पडेना, तेव्हा सासूबाईंनी आपलं निदान सांगितलं. घरातलं कुणीतरी परत आलंय. लेकरू नाव मागायलंय. बरोबर नाव घेतलं की गप होईल.

राजेश्री परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण आता आपला विश्वास नक्की कशावर आहे, हेच तिला उमजेनासं झालं होतं. छाती भरून ठणकत होती आणि लेकरू तोंड फिरवत होतं. थांबू दे, कशानंही थांबू दे, एवढंच तिला कळत होतं.

"माझं नाव घिऊन बघ की आई," दारातून परमेश्वर, तिचा नवरा, म्हणाला.

"परत यायला आधी जावं लागतंय, दादा," त्याची बहीण नंदिनी म्हणाली. आत्या म्हणून बारशासाठी ती आधीच माहेरी आलेली. 'शंभुराज' हे नाव तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं.

"तोंडाला आवर घाल तुझ्या," नर्मदाबाई म्हणाल्या. तेवढ्यात गोठ्याकडून काठी वाजत आली.

बन्सीधर आजा म्हणजे नर्मदाबाईंचे चुलत सासरे. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो, तरी म्हाताऱ्यानं आपली बाज तिथून हलवलेली नाही. त्यांच्या काठीला एक पितळी घुंगरू बांधलेला. आजा कुठं आहेत ते घराला त्यावरनं समजायचं.

"मामंजी, सगळ्याइची नावं झाली," नर्मदाबाई पदर सावरत म्हणाल्या. "या घरासाठी राबून गेलेलं आणिक कुणी राहिलंय का?"

आजा भिंतीला टेकून खाली बसले.

"माणिकचं न्हाई घेतलं तुमी," ते म्हणाले.

आणि बाळ थांबलं. हुंदका अर्धाच राहिला. भिजलेल्या डोळ्यांनी ते आजोबांच्या दिशेला बघायला लागलं.

नर्मदाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. "कोण माणिक? आमाला तर कुणी खबर बी दिली न्हाई."

"कोण दील? नदीकडची जिमीन निस्ता दगड व्हती. ती त्यानं फोडली, माझ्या बापासंगं. पूर्णेला पूर आला तवा बाप वाहून जायलता. ह्यानं पाण्यात शिरून काठाला आणला. बाप त्याच्या गळ्याला पडून रडला. त्याच्या मुखी घास गेल्याबिगर बाप जेवायचा न्हाई."

"मग सातबाऱ्यावर कसं नाव नाही त्यांचं?" परमेश्वरनं विचारलं.

"कागदावर कुठलं यायलंय त्याचं नाव," आजा हसले. "गरीब व्हता. पण डोकं फिरलं की गावात कुणी आडवं जात नव्हतं."

"अन् लगीन?" नर्मदाबाईंनी हळूच विचारलं.

आजोबांनी त्यांच्याकडं जरा चमकून पाहिलं.

"ते बापानंच होऊ दिलं न्हाई. लय लहान व्हता. मला अजून याद हाय. वरडला व्हता."

नर्मदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. जमिनीत वाटा नाही, संसार नाही, पिढ्यान् पिढ्या कुणी नावही घेतलं नाही. परत येणार नाही तर काय करील बिचारा?

राजेश्रीनं बाळाला पदराखाली घेतलं. ते पीत होतं. घटाघटा, नाकानं फुसफुसत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण मनात एक कुसळ टोचत राहिलं. बाळ नावानं थांबलं, का घुंगरानं? आजा बसताना काठी हलली होती. संध्याकाळी ते परत किरकिरायला लागलं, तेव्हा जवळ कुणी नाही असं बघून ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "माणिकराव." बाळ हसलं. आता ती पुरतीच गोंधळली.

बारसं ठरलं.

"शाळेत पोरं म्हणतील, माणिकराव, डबा आणला का?" नंदिनी कुरकुरली.

"म्हणू दे. त्याच्या जिवानं मागितलंय," परमेश्वर म्हणाला. तोही बदलला होता. नदीकडच्या शेताला आता तो 'माणिकबाबाचं शेत' म्हणायचा, आणि तिथं लिंबाखाली एक छोटी समाधी बांधायचं घाटत होतं.

बारशाला अख्खी भावकी आली. नंदिनीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. आजोबांनी काठीचा घुंगरू सोडून पाळण्याला बांधला.

"ह्यो त्याचाच हाय," ते म्हणाले.

राजेश्रीच्या डोळ्यांपुढं भजनात घुंगरू बांधून नाचणारा एक उंच, रुंद खांद्यांचा, एकटा माणूस उभा राहिला. ती पाळण्याला वाकून पाया पडली. मनातलं कुसळ गळून पडलं होतं. आपल्या लेकरात असा माणूस आला असेल तर येऊ दे.

पंगती उठल्यावर ती आजोबांसाठी ताट घेऊन गोठ्यात गेली. पुरणपोळीवर तुपाची धार धरत तिनं विचारलं, "आजोबा, माणिकबाबा तुमच्या वडलांचे सख्खे भाऊ, का चुलत?"

आजोबांनी पोळीचा पहिला तुकडा मोडून ताटाच्या बाहेर काढून ठेवला.

"भाऊ कुठला, बाई," ते म्हणाले. "तिफणीला उजवीकडं माणिक जुपायचो, अन् डावीकडं हिरा."