सम्राज्ञीची हनुवटी

“ही भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांतली सम्राज्ञी.” धाकट्या बहिणीने स्वतः घडवलेल्या, आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या उंच मूर्तीकडे बोट दाखवलं. बाग पाहायला आलेली माणसं मूर्तीच्या पायाशी फुलं ठेवत होती.

अक्काने वर पाहिलं. आईचंच कपाळ, आईचेच ओठ. बक्षिसं हिला, टाळ्या हिला, आणि आता आईसुद्धा हिचीच? आई गेली तेव्हा तर ही पाळण्यात होती.

“चुकलीस गं,” अक्का फटकन म्हणाली. “आईला गोंदण नव्हतं. हनुवटीवरचे हे तीन ठिपके माझे. जत्रेत आईनेच मला मांडीवर धरून गोंदवले होते.”

“ती तूच आहेस, अक्का. आई म्हणून मी तुलाच पाहिलंय.” धाकटी पुढच्या मूर्तीपाशी थांबली. चंद्राखाली बसलेल्या त्या बाईला चेहराच नव्हता. “ही आई. घरात तिचा फोटोही नाही. तिने तुला मांडीवर घेतलं, याचा मला जन्मभर हेवा वाटत आलाय. आता तरी सांग, कशी दिसायची?”

आई तेवढी एकट्या अक्काची होती.

मग तिने त्या कोऱ्या चेहऱ्यावर हात ठेवला.

“नाक,” ती म्हणाली, “तुझ्यासारखं होतं.”