गाडीचा जबाब

"टक्कर कशी झाली?" विमा कंपनीच्या धुमाळ मॅडमनी चेपलेल्या स्वयंचलित गाडीलाच विचारलं.

गाडीचे मालक परांजपे मागच्या सीटवर झोपले होते, त्यामुळे साक्षीदार तीच. जबाब पटला नाही तर विमा बुडाला.

"मी समोरच्या गाडीला म्हटलं, आधी तुम्ही," गाडी म्हणाली. "ती म्हणाली, छे छे, आधी तुम्ही. बोलण्याच्या नादात दोघी एकदमच निघालो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पुण्यात? हेड ऑफिसात कोण विश्वास ठेवेल?"

"अहो, आम्ही असलं काही शिकवलेलं नाही हो तिला," परांजपे ओशाळून म्हणाले.

मॅडमना दया आली. 'दोघींनी हुज्जत घातली, माघार कुणीच घेतली नाही,' असं त्यांनी लिहिलं.

विमा त्याच दुपारी मंजूर झाला.